मोकळ्या माणसाची साक्ष

टिबिओसला खोटं बोलता येत नव्हतं, आणि याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. माझं दिव्यांचं दुकान फिलाग्रोस तांबटाच्या शेजारी, मध्ये एकच भिंत. एखादं गिऱ्हाईक माझा दिवा हातात घेऊन उलटसुलट करून बघत असलं, की नेमका हा कोळशाची टोपली घेऊन जाता जाता थांबणार आणि म्हणणार, "दादा, याच्या बुडातून तेल झिरपेल. कच्चा राहिलाय." गिऱ्हाईक दिवा ठेवून चालतं व्हायचं.

"तुझ्या तोंडाला काय कुलूप घालू का रे?" मी ओरडायचो.

"झिरपत नाही का, दादा?"

"झिरपतो! म्हणून काय गावभर सांगायचं?"

"त्यांनी दिवा तेलासाठीच नेला असता ना," तो म्हणायचा आणि टोपली उचलून निघून जायचा. टोमणा नव्हता तो. टोमणा मारण्याइतकी अक्कल त्याला असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तो आमच्या तांबटआळीत आला तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल, मीही तेवढाच. काळ्या समुद्राकडून जहाज आलं होतं आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी बाजारात माणसं मांडली होती. फिलाग्रोसच्या बापाने त्याला विकत घेतलं. नवा गुलाम घरी आणला की त्याला चुलीपाशी बसवून डोक्यावर सुकी अंजिरं, खजूर, अक्रोड ओततात, घराला बरकत यावी म्हणून; आणि घरातली पोरं ती लुटतात. मी शेजारचा, पण खाण्याच्या कामात कुठे मागे राहणार? त्याच्या केसात अडकलेलं एक अंजीर मी ओढून काढलं. त्यासोबत चार केसही आले. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या मुलखातून आलेल्या निम्म्या गुलामांना आम्ही टिबिओसच म्हणतो, तसं त्यालाही म्हणायला लागलो. त्याच्या आईने त्याचं नाव काय ठेवलं होतं ते चाळीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

फिलाग्रोसचा बाप जुन्या वळणाचा. एकदा त्याने तडा गेलेली कढई लाख भरून, घासून पुसून एका शेतकऱ्याच्या गळ्यात मारायला काढली. शेतकऱ्याने सहज टिबिओसला विचारलं, "चांगली आहे ना रे?" टिबिओसने बोटाने तडा दाखवला. म्हाताऱ्याने त्या दिवशी त्याला पट्ट्याने असा फोडला की भिंतीपलीकडे माझ्या आईने कान झाकून घेतले. आठ दिवसांनी दुसरं गिऱ्हाईक, दुसरी कढई, आणि टिबिओसचं बोट पुन्हा तड्यावर. शेवटी म्हातारा दमला. फिलाग्रोस बापापेक्षा हुशार निघाला. दुकान त्याच्या हातात आल्यावर तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी दुकानदार. याला विचारा." त्यावर दुकान चाललं आणि चांगलं चाललं.

मग एका हेमंतात फिलाग्रोसला ताप भरला. तीन आठवडे उतरेना. त्याची बायको आर्खिप्पे रात्रंदिवस ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती आणि टिबिओस त्याला उचलून कुशीवर वळवत होता, पाजत होता, सगळी घाण काढत होता. शेवटी पाठीवर मारून त्याला वैद्यदेवाच्या देवळात नेलं तेही टिबिओसनेच. तिथे फिलाग्रोस नवस बोलला: उठून बसलो तर या माणसाला मोकळा करीन. देवाने ऐकलं. फिलाग्रोस काठी टेकत घरी आला आणि पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडला, माझ्या भट्टीचा धूर त्याच्या अंगणात येतो म्हणून. तेव्हा मी ओळखलं, गडी बरा झाला.

वसंतातल्या उत्सवात, नाटकं सुरू व्हायच्या आधी, दवंडीवाला पुढे येऊन खड्या आवाजात सांगत असतो, अमक्याने अमक्याला मोकळं केलं, सगळे ग्रीक साक्षी असा. लोक वैतागतात, पण लोकांच्या वैतागाची कोणाला पर्वा? त्या वर्षी दवंडीवाल्याने फिलाग्रोसचं नाव घेतलं. मी अक्रोड फोडत होतो. फिलाग्रोसला कोपराने ढोसून म्हटलं, "लेका, आता तुझ्या कढया कोण विकणार? तुझ्या शब्दावर तर कुत्रंही हाड घेणार नाही."

"तो कुठे जातोय?" फिलाग्रोस म्हणाला. "उद्या सकाळी भट्टी पेटवायला येतो म्हणालाय. मी म्हटलं, अरे, एक दिवस झोप तरी."

त्याचे डोळे भरले होते. मी अक्रोड पुढे केला.

टिबिओसने मोकळा झाल्यावर एकच चैन केली. केस वाढवायला घेतले. गुलामाचे केस बारीक कापलेले असतात, तसे चाळीस वर्षं होते. आता ते साळिंदरासारखे उभे राहायला लागले, आणि तो जाता-येता त्यांवरून हात फिरवायचा. बाकी तेच दुकान, तोच कोळसा, संध्याकाळी तीच जवाची भाकर आणि खारे मासे.

उन्हाळ्यात वेशीजवळच्या वीराच्या देवळाचे कारभारी बदलले. नवे आले की जुन्यांनी एकेक वस्तू मोजून ताब्यात द्यायची असते. मोजणीत चांदीचा एक वाडगा कमी भरला. जुना कारभारी आन्तिदोरोस लगेच म्हणाला, "तो तर थंडीत फिलाग्रोसकडे चीर सांधून डाग द्यायला दिला होता. त्याने परत केलाच नाही."

केला होता. फिलाग्रोस तेव्हा आजारातून नुकता उठला होता, म्हणून टिबिओस वाडगा कापडात बांधून घेऊन गेला आणि त्याने तो देवळाच्या पायरीवर आन्तिदोरोसच्या हातात दिला. दोघेच होते. आम्ही अथेन्सवाले दोन कोंबड्या विकायला साक्षीदार नेणारी माणसं, पण एवढ्याशा कामाला, तेही गुलामाच्या हातून, साक्षीदार कोण नेतो? तिथेच चूक झाली.

देवाची वस्तू चोरली तर शिक्षा मरण, आणि मेल्यावर या भूमीत मूठभर मातीही नाही. आन्तिदोरोसने फिर्याद केली. मग भर बाजारात चार साक्षीदार घेऊन तो तांबटआळीच्या तोंडाशी उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "फिलाग्रोस! वाडगा परत दिला म्हणतोस ना? तुझा टिबिओस दे माझ्याकडे. चाकावर चढवू. चाकावरून तो म्हणाला की दिला, तर मी फिर्याद मागे घेतो."

फिलाग्रोस म्हणाला, "तो माझा राहिला नाही. मोकळा आहे."

"वा!" आन्तिदोरोस साक्षीदारांकडे वळला. "ऐकलंत? ज्या एका माणसाला ठाऊक आहे, नेमका तोच मोकळा!"

गुलामाचा नुसता शब्द आमच्या न्यायसभेत चालत नाही. चाकावर ताणून, चाबकाने सोलून काढलेला असेल तरच तो साक्ष म्हणून घेतात. आणि तसा काढलेला शब्द आम्ही स्वतःच्या शब्दापेक्षा पक्का मानतो. मोकळ्या माणसाला मैत्री असते, वैर असतं, लोभ असतो. ताणलेल्या गुलामाला फक्त वेदना असते, आणि वेदना खोटं बोलत नाही, हे आम्ही दूध पितानाच शिकतो. मोकळ्या माणसाच्या अंगाला मात्र हात लावायचा नाही. आता टिबिओस मोकळा होता.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. भट्टी विझलेली. टिबिओस फिलाग्रोससमोर गुडघ्यावर बसला होता.

"मालक, सांगा त्यांना, ते सगळं उगाच होतं. दवंडीवाल्याची चूक झाली म्हणा. मी गुलामच आहे. एक दिवसाचं तर काम."

"एक दिवसाचं काम!" फिलाग्रोस ओरडला. "सायमोनच्या गड्याला बघितलंस ना? खांदे निखळले ते निखळलेच. अजून त्याला भाकर दुसरा भरवतो."

"भरवेल की कुणीतरी."

आर्खिप्पे दारात उभी होती. इतक्या वर्षांत मी तिला नवऱ्यावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "तो तयार आहे," ती म्हणाली. "स्वतःहून म्हणतोय. तुम्हाला काय अडचण आहे?"

"नवस आहे. देवाला दिलेलं परत घेऊ?"

"देव समजून घेईल. तुम्ही मेल्यावर तुमचा देव माझ्या घरात राहायला येणार आहे का?"

फिलाग्रोसने विझलेल्या भट्टीतली राख काठीने ढोसली. मग म्हणाला, "मरत होतो तेव्हा मी देवाशी सौदा केला नव्हता गं. मला खरंच वाटलं होतं, याला मोकळं करावं. आता माझ्या मानेवर आलं म्हणून याच्या हाडांवर जीव वाचवू? नाही व्हायचं माझ्याच्याने." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तू तरी सांग हिला. पंच काय आंधळे आहेत? सगळं अथेन्स टिबिओसला ओळखतं."

मी म्हटलं, "हो, ओळखतं." मला तेव्हा तसं वाटतही होतं.

टिबिओस तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आन्तिदोरोसकडे गेला आणि म्हणाला, "न्या मला. चढवा चाकावर. मी कुणाकडे तक्रार करणार नाही." आन्तिदोरोस हसला. "मोकळ्या माणसाला हात लावून मीच गुन्हेगार होऊ? तुझ्या मालकाने चांगलं शिकवून पाठवलंय तुला." गोष्ट गावभर झाली, आणि लोक म्हणाले, बघा, आधी मोकळं करायचं नाटक, आता हे दुसरं.

मी त्या वर्षी पंचांमध्ये होतो. पहाटे नावाच्या पट्ट्या टाकायच्या, चिठ्ठीत जी न्यायसभा निघेल तिच्यात जाऊन बसायचं, संध्याकाळी तीन ओबोल भत्ता घेऊन घरी यायचं. म्हाताऱ्यांना बरं असतं ते. त्या दिवशी माझी पट्टी नेमकी फिलाग्रोसच्या खटल्याला निघाली. मी मनात म्हटलं, चला, घरचं एक मत पक्कं.

आन्तिदोरोस बोलायला उभा राहिला. आवाज सुरेख. बोलायची वेळ मोजणारं पाण्याचं घड्याळ गळत होतं आणि त्याला अजिबात घाई नव्हती. "पंचहो," तो म्हणाला, "मी विचारलं, सत्य कुठे आहे ते एकत्र जाऊन बघू. सत्य एकाच ठिकाणी होतं, त्या गड्याच्या अंगात. याने काय केलं? त्या ठिकाणाला कुलूप घातलं आणि किल्ली तुमच्याच देखत, नाटकाला बसला होतात तेव्हा, फेकून दिली. निर्दोष माणूस असं करतो? निर्दोष माणूस म्हणाला असता, घ्या, ताणा, विचारा! म्हणे नवस. नवस आम्हीही बोलतो. पण मोजणी तोंडावर आल्यावर आठवत नाही आम्हाला!"

बाक हसले. मी हसलो का? आठवत नाही. बहुतेक हसलो.

फिलाग्रोसला बोलता येत नव्हतं. भाषण लिहून घेतलेलं, पाठ केलेलं, मध्येच विसरला. मग लेखनिकाने टिबिओसची साक्ष वाचली: वाडगा मी थंडीत, देवळाच्या पायरीवर, आन्तिदोरोसच्या उजव्या हातात दिला. साक्षीदाराने फक्त "हो" म्हणायचं असतं. टिबिओस "हो" म्हणाला आणि मग दोन्ही हात पुढे करून ओरडला, "तुम्हाला पटत नसेल तर मला चाकावर चढवा! आत्ता चढवा!"

एकच गलका झाला. "खाली बस!" "केस काप आधी!" माझ्या शेजारी बसलेला म्हातारा कानात म्हणाला, "मला ज्याने मोकळं केलं त्याच्यासाठी मी पण ओरडलो असतो."

आणि मला ते पटलं. हे मी आज कुठलाही आडपडदा न ठेवता सांगतो, कारण सांगितल्यावाचून जमत नाही. ज्या माणसाने माझ्या दुकानातून चाळीस वर्षं गिऱ्हाइकं घालवली, केवळ त्याला खोटं बोलता येत नव्हतं म्हणून, त्याच्याबद्दल मी बाकावर बसून विचार केला: आता तो मोकळा आहे. आता त्याला मालकाचं प्रेम आहे. मोकळा माणूस प्रेमाखातर काय वाट्टेल ते बोलेल. फिलाग्रोसने त्याला चाकावर द्यायला हवं होतं. दिलं नाही, म्हणजे पाणी मुरतंय. चूक कुठे होती यात? प्रत्येक पायरी बरोबर होती.

मत द्यायला काशाच्या दोन चकत्या देतात, मध्ये छोटी दांडी असलेल्या. एकीची दांडी पोकळ, दुसरीची भरीव. पोकळ म्हणजे दोषी. दांडीच्या टोकांवर बोटं दाबून धरायची, म्हणजे कोणती टाकली ते शेजाऱ्यालाही कळत नाही. मी पोकळ टाकली. मोजलं तेव्हा दोनशे छप्पन्न पोकळ निघाल्या आणि दोनशे पंचेचाळीस भरीव. सहा जण फिरले असते तर माणूस वाचला असता.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याला विषाचा पेला द्यायचा होता. सकाळी मी भट्टी पेटवली. घरात बसवेना. टिबिओस आला आणि भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला. आत निखारे पांढरे झाले होते.

"दादा, तुम्ही काल तिसऱ्या बाकावर होतात."

"हो रे."

"तुम्हाला कायदा कळतो. वेदनेशिवाय माझा शब्द धरत नाहीत, असंच ना?"

मी काही बोलायच्या आत त्याने उजवा हात कोपरापर्यंत भट्टीत घातला. मी धावलो, त्याला कमरेला धरून ओढलं, पण भट्टीजवळ चाळीस वर्षं काढलेला माणूस तो, हलेना. आणि हात आतच ठेवून, दात आवळून, एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला, "वाडगा मी थंडीत, देवळाच्या पायरीवर, आन्तिदोरोसच्या उजव्या हातात दिला."

मग त्यानेच हात बाहेर काढला. तो वास मी सांगत नाही.

"आता खरं झालं का?" त्याने विचारलं.

"खरं," मी म्हटलं. मी रडत होतो. "खरं आहे रे."

"काल काय वेगळं बोललो होतो, दादा?"

त्याचा हात तेलात बुडवून, फडकं गुंडाळून मी तुरुंगाकडे पळत सुटलो. पन्नाशी उलटलेला माणूस, वहाणा एका हातात. दारावरच्या शिपायाला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "हात भाजताना समोर फिर्यादी होता का?" नव्हता. "प्रश्न ठरवून दिलेले होते का? आणि माणूस मोकळाच ना? मग ती साक्ष नव्हे, बाबा. तो नुसता भाजलाय. आणि एका गुन्ह्याला पंच दोनदा बसत नाहीत. बैल गेला अन् झोपा केला, घरी जा." तो दुष्ट नव्हता. त्याने मला पाणी दिलं.

संध्याकाळी फिलाग्रोस गेला.

आमच्या भूमीत त्याला पुरायचं नव्हतं. पहाटे मी, आर्खिप्पे आणि टिबिओस खेचराची गाडी घेऊन निघालो, एलेफ्सिसच्या रस्त्याने मेगाराच्या हद्दीकडे. दिवसभर ऊन. टिबिओसला ताप चढला होता, तरी तो गाडीत बसेना. मालकाच्या बाजूने चालत राहिला, डाव्या हाताने माशा वारत. हद्दीच्या दगडापलीकडे एका शेतकऱ्याने बांधावर जागा दिली. खणलं मी. टिबिओस एका हाताने माती ओढत होता. आर्खिप्पेने नवऱ्याच्या तोंडात नाणं ठेवलं, तेलाची कुपी उशाशी ठेवली. रडायला तिच्यात जीव नव्हता.

माती लोटून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, एक विचारू? तुम्ही कोणती टाकलीत?"

पायाखाली फिलाग्रोस होता. मातीने माझे हात बरबटलेले होते. मी म्हटलं, "भरीव, वहिनी. हे काय विचारणं झालं? भरीवच टाकली."

तिने माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. "मला वाटलंच," ती म्हणत राहिली. "मला वाटलंच होतं."

मी टिबिओसकडे बघितलं. तो तापाने थरथरत होता, काळं पडलेलं फडकं छातीशी धरून.

"हे काय विचारायचं, मालकीणबाई?" तो म्हणाला. "दादा कशाला खोटं बोलतील?"

सोळाव्या दिवशी हाताचं विष अंगात भिनून तोही गेला. तोपर्यंत आर्खिप्पे येईल-जाईल त्याला सांगत होती की आळीतल्या एका माणसाने तरी फिलाग्रोसच्या बाजूने मत दिलं. सगळ्यांनी ते मानलं. मला कुणी चाकावर चढवलं नाही, कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. मी मोकळा माणूस, माझा शब्द पुरला.